खहर, अच्युत आणि द्रौपदीची थाळी

चमत्काराच्या कथेचा रसभंग करणारे वाचक दोन प्रकारचे असतात. पहिला भाविक. कथा ऐकून होतांच तो घाईघाईनें सांगतो कीं, यांत अशक्य असें कांहींच नाहीं, शास्त्रज्ञांनीं हें आतां सिद्धच केलें आहे. दुसरा चिकित्सक. तो पाटी-पेन्सिल घेऊन बसतो, पांच भाकरींत पांच हजार माणसें कशीं जेवतील याचा भागाकार मांडतो आणि कथाकारास खोटें पाडून समाधान पावतो. पहिल्यास गणित साक्षीदार म्हणून हवें असतें, दुसऱ्यास शिपाई म्हणून. कथा दोघांच्याही हातीं लागत नाहीं, आणि नीट पाहिलें तर गणितही लागत नाहीं.

तथापि गणिताच्या एका शाखेंत अशीं कोडीं आहेत कीं, तीं ऐकतांच कोणाही भारतीय मनुष्यास पुराणें आठवावीं, आणि ख्रिस्ती मनुष्यास शुभवर्तमानें. ही शाखा म्हणजे अनंताचें गणित. तेथें भाग हा पूर्णाएवढा असतो, भरलेल्या घरांत आणखी पाहुणे मावतात, आणि एका गोलाचे दोन गोल होतात. या कोड्यांची चमत्कारांशीं सांगड घालण्याचा खेळ पुष्कळांनीं खेळला आहे आणि तो मौजेचाही आहे. परंतु अशा सांगडींपैकीं कोणती खरी जुळते आणि कोणती ओढूनताणून आणलेली, हें ठरवावयाचें कसें? आमच्या मतें हा प्रश्न ना धर्माचा ना गणिताचा. तो साहित्याचा आहे. ही सांगड म्हणजे एक उपमा आहे, आणि उपमेचें परीक्षण करण्याचीं साधनें आमच्या अलंकारशास्त्रानें केव्हांच देऊन ठेविलीं आहेत. उपमेय कोणतें, उपमान कोणतें आणि दोहोंस समान असलेला धर्म कोणता, एवढें विचारलें म्हणजे बहुतेक निवाडा होतो.

आरंभ अर्थातच भास्कराचार्यांपासून केला पाहिजे. शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ त, जन्मलेल्या या सह्याद्रीच्या आश्रयानें राहणाऱ्या पंडितानें वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० त, आपला 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. त्यांच्या 'बीजगणितां'त शून्याच्या भागाकाराचा विचार आहे. ज्या राशीचा हर शून्य तिला ते 'खहर' म्हणतात, आणि तीनास शून्यानें भागून येणारी ही राशि अनंत होय असें सांगतात. मग ते एक उपमा देतात. प्रलयकाळीं अनंत अशा अच्युताच्या ठायीं भूतांचे समुदाय प्रवेश करितात, सृष्टिकाळीं ते त्याच्यांतून बाहेर पडतात, तरी त्याच्यांत कांहीं कमीजास्त होत नाहीं. त्याचप्रमाणें खहर राशींत कितीही मिळविलें अथवा तींतून कितीही वजा केलें तरी ती निर्विकार राहते, असा तिचा आशय आहे.

या उपमेची पहिली खुबी तिच्या दिशेंत आहे. सामान्यतः कवि अपरिचित परमेश्वर समजावून देण्यासाठीं परिचित वस्तूंचा आधार घेतो. समुद्र, आकाश, दीपज्योति यांच्याकडे धांव घेतो. येथें क्रम उलटा आहे. उपमेय म्हणजे राशि आणि उपमान म्हणजे देव. ज्या विद्यार्थ्यांसाठीं हा ग्रंथ लिहिला त्यांस अच्युत घरचा होता. अनोळखी होता तो शून्यानें केलेला भागाकार. गणिती लेखकानें देवास कामाला लावलें आहे, देवास सिद्ध करण्यासाठीं गणितास राबविलेलें नाहीं. दुसरी खुबी नामाच्या निवडींत आहे. विष्णूचीं सहस्र नामें असतां नेमकें 'अच्युत' येथें आलें आहे. जो आपल्या स्थितीपासून च्यवत नाहीं, ढळत नाहीं, तो अच्युत. म्हणजे साधारणधर्म हा उपमानाच्या नांवांतच गुंफलेला आहे. अशी निवड चांगल्या कवीसही नेहमी साधत नाहीं.

पण टीकाकारानें येथेंच थांबून हात जोडले तर तो टीकाकार कसला! उपमा निर्दोष असली तरी तिच्याखालचें गणित निर्दोष नाहीं. तीनास शून्यानें भागून जी राशि आली तीच पांचास शून्यानें भागूनही आली, असें मानलें, आणि आतां उलट त्या राशीस शून्यानें गुणलें, तर उत्तर तीन धरावें कीं पांच? दोन्ही धरावें तर तीन व पांच समान झाले. याच भीतीनें आजचें गणित शून्यानें भागण्यास मुळींच परवानगी देत नाहीं. भास्कराचार्यांस ही अडचण अगदींच दिसली नव्हती असें नाहीं. एखाद्या राशीस शून्यानें गुणलें असून पुढें आणखी क्रिया व्हावयाची असेल, तर शून्यानें गुणल्याची आठवण ठेवावी आणि पुन्हां शून्यानें भागावें लागल्यास मूळ राशि अविकृत समजावी, असा नियम 'लीलावतीं'त आहे. त्यावरचें त्यांचें उदाहरणही प्रसिद्ध आहे. एका राशीस शून्यानें गुणलें, आलेल्या फलांत त्याचेंच अर्ध मिळविलें, बेरजेस तिहींनीं गुणलें आणि शून्यानें भागलें, तर त्रेसष्ट आले. ती राशि कोणती? उत्तर चौदा. या 'आठवणीं'त आजच्या सीमा-कल्पनेचें बीज पाहणारे अभ्यासक आहेत. तरी बीज म्हणजे वृक्ष नव्हे, आणि उपमेची सुंदरता ही सिद्धांताची सत्यता नव्हे, हें या पहिल्याच उदाहरणांत ध्यानीं धरलें पाहिजे.

अनंत राशींत भर घातली तरी ती तेवढीच राहते, हें विधान पुढें पक्क्या पायावर उभें राहिलें तें मात्र युरोपांत. इ. स. १६३८ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथांत गॅलिलिओनें एक साधी गोष्ट दाखविली. १, ४, ९, १६ हे वर्गांक सर्व अंकांत विरळ आहेत. पण प्रत्येक अंकास त्याचा वर्ग जोडून द्यावा, एकास एक, दोहोंस चार, तिहींस नऊ, तर कोणताही अंक जोडीदारावांचून राहत नाहीं. मग वर्गांक कमी म्हणावयाचे कसे? गॅलिलिओनें निष्कर्ष काढला कीं, अनंताच्या बाबतींत मोठें, लहान व समान हे शब्दच लागू पडत नाहींत. सुमारें अडीचशें वर्षांनीं जॉर्ज कॅन्टर व रिचर्ड डेडेकिंड या जर्मन गणितज्ञांनीं हीच अडचण व्याख्या म्हणून स्वीकारली. जी राशि आपल्याच एका भागाशीं अशी जोडीनें जुळवितां येते तीच अनंत, असें डेडेकिंडनें १८८८ त मांडलें. जें कोडें होतें तें लक्षण झालें.

डेव्हिड हिल्बर्ट हा दुसरा जर्मन गणिती आपल्या व्याख्यानांत यासाठीं एका हॉटेलाचें उदाहरण देत असे. आमच्या वाचकांनीं त्या जागीं आषाढीच्या पंढरपुरांतील धर्मशाळा कल्पावी. तिला अनंत खोल्या आहेत व त्या सर्व भरल्या आहेत. रात्रीं एक वारकरी येतो. व्यवस्थापक प्रत्येकास आपल्या पुढच्या खोलींत जावयास सांगतो. पहिलीतला दुसरींत, दुसरींतला तिसरींत. आणि पहिली खोली मोकळी होते. मागाहून अनंत वारकऱ्यांची दिंडी आली तरी चिंता नाहीं. प्रत्येकानें आपल्या खोलीच्या क्रमांकाची दुप्पट करून त्या खोलींत जावें. सर्व विषम क्रमांकांच्या खोल्या रिकाम्या होतात. हें ऐकून पंढरीचा मनुष्य म्हणेल कीं, यांत नवें काय, विठोबाच्या गांवांत दरसाल हेंच होतें! परंतु तो विसरतो कीं, पंढरींत दरसाल माणसें दाटीनें बसतात. धर्मशाळेंत कोणास तिळभरही दाटी सोसावी लागत नाहीं. एकींत माणुसकी आहे, दुसरींत केवळ क्रमांक.

आतां अन्नाच्या चमत्कारांकडे वळूं. पांच भाकरी व दोन मासे यांवर पांच हजार पुरुष तृप्त झाले आणि बारा टोपल्या उरल्या, ही येशूची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. तिची जोड स्टेफान बानाख व आल्फ्रेड टार्स्की या पोलिश गणितज्ञांनीं १९२४ त सिद्ध केलेल्या सिद्धांताशीं लावण्याचा मोह अनावर आहे. एका भरीव गोलाचे मोजके तुकडे करावे, ते केवळ फिरवून व सरकवून पुन्हां जुळवावे, आणि मूळच्या गोलाएवढेच दोन गोल मिळावे, असा तो सिद्धांत आहे. पुढें १९४७ त राफाएल रॉबिन्सननें दाखविलें कीं, तुकडे पांच पुरतात, त्याहून कमी चालत नाहींत. पांच तुकडे व दोन गोल. पांच भाकरी व दोन मासे! विनोदी मनुष्यास याहून अधिक काय पाहिजे?

विनोद म्हणून आम्ही ही जोड आनंदानें स्वीकारतों; उपमा म्हणून ती टिकत नाहीं. ते पांच तुकडे सुरीनें करतां येणारे नाहींत. त्यांस घनफळ असें नाहींच. म्हणून तर घनफळाची बेरीज बिघडते. भाकरी अणूंची बनलेली आहे आणि अणु मोजके आहेत. तिचे असे तुकडे पडणें शक्य नाहीं. शिवाय या सिद्धांताच्या मुळाशीं एक गृहीतक आहे. अनंत समुदायांतून प्रत्येकीं एक वस्तु, कोणताही नियम न सांगतां, निवडतां येते असें तें गृहीतक. झर्मेलो या गणितज्ञानें तें १९०४ त स्पष्ट शब्दांत मांडलें. तुकडे 'आहेत' असें सिद्ध होतें, पण ते हे पाहा असें दाखवितां येत नाहीं. जो चिकित्सक भाकरीच्या कथेस हांसत होता त्यास येथें गणितज्ञच न पाहतां मान्य करावयास सांगतो. ही कोपरखळी त्यास बसली तर आम्हांस वाईट वाटणार नाहीं. मात्र तिच्यानें भाकरीची कथा सिद्ध झाली असें भाविकानेंही समजूं नये.

द्रौपदीच्या थाळीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सूर्यानें पांडवांस वनवासांत दिलेलें पात्र द्रौपदीचें जेवण होईपर्यंत अन्न पुरवी, मग त्या दिवसापुरतें रिकामें होई. तिचें जेवण झाल्यावर दुर्वास दहा हजार शिष्यांसह आला व स्नानास गेला. शापाचें भय दारांत उभें राहिलें. तेव्हां श्रीकृष्णानें पात्राच्या कडेस चिकटलेला भाजीचा अवशेष खाल्ला, आणि नदीवर दुर्वास व त्याचे शिष्य यांस तृप्तीचे ढेंकर आले. वरवर पाहणारा म्हणेल कीं, हें अक्षय पात्र म्हणजेच अनंत राशि. कितीही काढा, उरतेंच. पण कथेचा कळस जेथें आहे तेथें पात्र अक्षय राहिलेलेंच नाहीं! तें घासून धुतलेलें आहे. कळस त्या एका पानाचा आहे. कॅन्टरच्या गणितांतलें आश्चर्य असें कीं, पुष्कळांत पुष्कळ मिळविलें तरी तें वाढत नाहीं. या कथेंतलें आश्चर्य असें कीं, थोडें असलें तरी पुरतें. दोन्ही आश्चर्यें थोर आहेत, परंतु एक दुसऱ्याची उपमा होऊं शकत नाहीं. साधारणधर्मच उलटा आहे.

याच्या उलट भागवताच्या दशमस्कंधांतील नारदाची फेरी पाहा. श्रीकृष्ण सोळा हजारांहून अधिक स्त्रियांशीं एकटा संसार करतो तरी कसा, हें कुतूहल घेऊन नारद द्वारकेस जातो. एका मंदिरांत कृष्ण त्याची पूजा करितो. दुसऱ्यांत तो फांसे खेळतो. तिसऱ्यांत मुलांस खेळवितो. प्रत्येक घरीं कृष्णाचा अंश नाहीं, अवघा कृष्ण आहे. येथें सोळा हजार ही संख्या मोजकीच आहे, अनंत नाहीं; तरी उपमा जुळते, कारण कथेच्या गाभ्यांत तोच धर्म आहे जो डेडेकिंडच्या व्याख्येंत आहे. भाग म्हणून जें वांटलें तें पूर्णाएवढें भरतें. कॅन्टरनें १८७७ त सिद्ध केलें कीं, एका रेषेवर जितके बिंदु आहेत तितकेच संपूर्ण चौरसांत आहेत. आणि डेडेकिंडला पत्रांत कळविलें कीं, हें मला दिसतें आहे पण माझा विश्वास बसत नाहीं. द्वारकेंत घरोघरीं फिरून थक्क झालेल्या नारदाची मनःस्थिति याहून निराळी नसावी.

सर्वांत गंमतीची आणि सर्वांत धोक्याची सांगड पापपुण्याच्या हिशेबाची. स्टर्नच्या अठराव्या शतकांतील कादंबरीचा नायक ट्रिस्ट्रॅम शॅन्डी आपलें चरित्र लिहूं लागतो आणि पहिल्या दोन दिवसांच्या वर्णनास दोन वर्षें घालवितो. बर्ट्रांड रसेल यांनीं १९०३ च्या ग्रंथांत यावर म्हटलें कीं, तो अनंत काळ जगला व लिहीत राहिला, तर चरित्राचा कोणताही दिवस अलिखित राहणार नाहीं. शंभराव्या दिवसाचें वर्णन शंभराव्या वर्षीं होईलच. हें वाचतांना आम्हांस चित्रगुप्त आठवतो. त्याची बाकी रोज वाढते, तरी एकही पाप नोंदीवांचून सुटत नाहीं!

लिट्लवुड या इंग्रज गणितज्ञानें १९५३ त प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत आणखी एक कोडें आहे, तें आम्ही चित्रगुप्ताच्या भाषेंत सांगतों. मध्यरात्रीस एक मिनिट असतां वहींत दहा पापें चढलीं व एक खोडलें गेलें. अर्धा मिनिट असतां पुन्हां दहा चढलीं व एक खोडलें. पाव मिनिट असतां तसेंच. आणि असें अनंत वेळां. मध्यरात्रीं वहींत किती उरलीं? दर खेपेस नऊ वाढलीं, तेव्हां अनंत, असें कोणीही म्हणेल. पण पहिल्या खेपेस पहिलें, दुसऱ्या खेपेस दुसरें, या क्रमानें खोडीत गेलें तर वही कोरी! कोणत्याही पापाचें नांव घ्या. त्याच्या क्रमांकाच्या खेपेस तें खोडलें गेलेंच आहे. उलट दर खेपेस दहावें, विसावें, तिसावें असें खोडलें तर पहिल्यापासून नववीपर्यंतचीं, अकरावीपासून एकोणिसावीपर्यंतचीं, सर्व तशींच राहतात आणि वहींत अनंत पापें उरतात. चढलीं तेवढींच, खोडलीं तेवढींच. क्रम बदलला कीं बाकी बदलली. अनंतांतून अनंत वजा करणें हा प्रश्न अपुरा आहे, एवढाच याचा अर्थ.

हें कोडें ऐकून अजामिळाची कथा कोणास आठवणार नाहीं? जन्मभर पापें केलेल्या त्या ब्राह्मणानें मरतेवेळीं नारायण नांवाच्या आपल्या मुलास हांक मारली, आणि विष्णुदूत धांवून आले. शेवटच्या क्षणीं कोरी झालेली वही ती हीच, असें सांगणारा एखादा कीर्तनकार निघाला तर श्रोते टाळ्या देतील. आम्ही मात्र येथें हात आंखडतों. लिट्लवुडची वही कोरी होते ती प्रत्येक पापाचा पाळीपाळीनें निकाल लागल्यामुळें. तेथें एकही पान पाळी चुकवून फाडलेलें नाहीं. अजामिळाच्या कथेचें मर्म असें कीं, पाळी नव्हती, हिशेब नव्हता, हेतुसुद्धां नव्हता. तरी तो तरला. गणित म्हणतें, कोणी सुटला नाहीं म्हणून वही कोरी. कथा म्हणते, वही कोरी नसतांही सुटला. ही उपमा दिली तर कृपेचा कारकुनी व्यवहार होतो, आणि कथेंतील जें एकमेव मोलाचें तेंच नाहींसें होतें.

यावरून सर्वसाधारण भेद स्पष्ट होतो. गणितांतील आश्चर्य हा नियम आहे. तें सर्वांस, सर्वदा, सारखेंच लागू. धर्मकथेंतील चमत्कार हा अपवाद आहे. तो एकाच घरीं, एकाच वेळीं, कोणाच्या तरी हांकेस उत्तर म्हणून घडतो. दुर्वास पुन्हां दुसऱ्या दिवशीं आला असता तर, हा प्रश्न कथेला विचारतां येत नाहीं; धर्मशाळेला तो हजार वेळां विचारावा.

हा भेद ज्यानें स्वतः जपला तो मनुष्य कॅन्टरच होता. १८७४ त त्यानें दाखविलें कीं, सर्व अनंतें सारखीं नाहींत. एक, दोन, तीन या अंकांच्या अनंताहून रेषेवरील बिंदूंचें अनंत मोठें आहे. १८९१ त त्यानें पुढें सिद्ध केलें कीं, कोणतेंही अनंत घ्या, त्याहून मोठें असतेंच. आमच्याकडे जैन ग्रंथकारांनीं संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद व त्यांचे पोटभेद पूर्वींच केले होते. त्यांची दृष्टि कौतुकास्पद आहे, तरी ही सिद्धता कॅन्टरची. यामुळें रोममध्यें शंका उत्पन्न झाली. जगांत खरोखरीचें अनंत आहे असें मानलें तर जग व ईश्वर एकच होत नाहींत काय? कार्डिनल फ्रांझेलिन यांच्याशीं १८८६ त झालेल्या पत्रव्यवहारांत कॅन्टरनें उत्तर दिलें कीं, निर्माण झालेलें व वाढवितां येणारें अनंत वेगळें, आणि ईश्वराचें निरपेक्ष अनंत वेगळें. पहिल्याची संख्या होते, दुसऱ्याची होत नाहीं. तेव्हां 'ब्रह्म म्हणजे गणितांतलें अनंत' असें व्यासपीठावरून ठोकून देणाऱ्या वक्त्यास नम्रपणें विचारावें कीं, महाराज, कोणतें अनंत? कारण जें सांगाल त्याहून मोठें आहेच.

हा प्रश्न केवळ वादाच्या मौजेचा नाहीं. आपल्या घरांतील मुलांस जेव्हां सांगितलें जातें कीं, पाश्चात्यांचा हा सगळा शोध आपल्या पोथ्यांत होताच, तेव्हां तीं मुलें पोथी उघडीत नाहींत आणि गणितही शिकत नाहींत. दोन्हीं आपल्या मालकीचीं आहेत एवढ्या समाधानावर झोपीं जातात. आणि जेव्हां त्यांस सांगितलें जातें कीं, बेरीज जुळत नाहीं म्हणून कथा टाकाऊ, तेव्हां तीं एका पानानें तृप्त होण्याची कल्पनाच गमावून बसतात. भास्कराचार्यांनीं या दोन्ही चुका टाळल्या. त्यांनीं खहर हा अच्युताप्रमाणें आहे असें म्हटलें. खहर म्हणजेच अच्युत असें म्हटलें नाहीं. उपमेचा सारा प्रामाणिकपणा त्या 'प्रमाणें' या एका शब्दांत असतो.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला. त्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळील पाटण येथें सांपडला. काळ यादवांचा, इ. स. १२०७ चा. त्या लेखाच्या अखेरीस मराठींत मठाच्या उत्पन्नाची तरतूद आहे. गांवच्या बाजारांत येणाऱ्या मालावर, गिऱ्हाइकाकडून व विक्रेत्याकडून, मठास काय मिळावें हें तेथें बारकाईनें नोंदलें आहे. खहर राशींतून कितीही काढलें तरी ती कमी होत नाहीं हें जेथें शिकविलें जाई, तेथल्या विद्यार्थ्यांचें पोट मोजून आलेल्या मालावर भरत होतें. दात्यांनीं हिशेबाच्या जागीं हिशेब लिहिला, आणि अच्युताचें नांव श्लोकासाठीं राखून ठेविलें.